ओवा, लसूण आणि बेचाळीस दिवसांचा पक्षी

लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातल्या शेजारशेजारच्या दोन शेडमध्ये एकाच हॅचरीची पिल्लं एकाच दिवशी उतरतात. खाद्याची पोती एकाच गाडीतून येतात, लसीही त्याच असतात. तरी बेचाळिसाव्या दिवशी काटा लावला की एका शेडचा पक्षी सरासरी सव्वादोन किलो भरतो आणि दुसऱ्या शेडचा दोन किलोच्या आतच अडकतो. या दुसऱ्या शेडमध्ये कुठली साथ आलेली नसते. मरतूकही फारशी नसते. पक्ष्यांनी खाद्य तर पोटभर खाल्लेलं असतं. मग ते खाल्लेलं गेलं कुठे?

ब्रॉयलर पाळणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडतो, आणि नेमक्या याच वेळी पशुऔषधांच्या दुकानात एखादी वनस्पतिजन्य पूरकाची बाटली किंवा पुडी त्याच्यासमोर ठेवली जाते. ओवा, लसूण, हळद, आवळा, भुईआवळी, गुळवेल अशी ओळखीची नावं त्यावर छापलेली असतात. वजन वाढेल, लिव्हर सुधारेल, प्रतिकारशक्ती येईल, असं सांगितलं जातं. यातलं किती खरं, हे समजून घ्यायचं तर आधी पक्ष्याच्या आतड्यात डोकवावं लागतं. हरवलेल्या त्या पाव किलोचा हिशेब बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

सहा आठवड्यांची घाई

अंड्यातून निघालेलं ब्रॉयलरचं पिल्लू साधारण ४० ते ४५ ग्रॅमचं असतं. सहा आठवड्यांत ते दोन किलोच्या पुढे जातं, म्हणजे जन्माच्या वजनाच्या जवळजवळ पन्नासपट. उकिरड्यावर चरणाऱ्या गावरान कोंबडीला त्याच्या निम्म्या वजनासाठीही कितीतरी महिने लागतात. एवढ्या वाढीसाठी ब्रॉयलर पक्षी साधारण साडेतीन किलो खाद्य खातो. एक किलो वजनासाठी किती किलो खाद्य लागलं, या आकड्याला एफसीआर म्हणतात. तो १.६ ते १.७ च्या आसपास राहिला तर बॅच चांगली गेली असं समजतात.

हे खाद्य म्हणजे मुख्यतः मका आणि सोयाबीनची पेंड. लातूरची बाजारपेठ सोयाबीनसाठी राज्यभर ओळखली जाते. औशाच्या काळ्या रानातलं सोयाबीन तेल गिरणीतून बाहेर आलं की उरलेली प्रथिनयुक्त पेंड कोंबडीखाद्यात जाते. ब्रॉयलर वाढवण्याच्या खर्चात खाद्याचा वाटा निम्म्याहून बराच जास्त असतो. त्यामुळे एफसीआर १.६५ वरून १.७५ वर गेला तरी शेतकऱ्याचा नफा निसटतो.

खाल्लेला घास काही तासांतच पक्ष्याच्या शरीराबाहेर पडतो. जे काही पचवायचं आणि शोषून घ्यायचं, ते तेवढ्याच वेळात. म्हणून आतड्याची अवस्था ब्रॉयलरच्या बाबतीत इतकी निर्णायक ठरते.

पंचा आणि टर्किश टॉवेल

लांबी-रुंदीला सारखेच असलेले एक पंचा आणि एक टर्किश टॉवेल घ्या. टॉवेल कितीतरी जास्त पाणी टिपतो, कारण त्याच्या अंगावर दोऱ्यांचे हजारो फासे उभे असतात आणि पाण्याला भिडणारा पृष्ठभाग त्यांच्यामुळे अनेक पटींनी वाढतो. कोंबडीच्या लहान आतड्याची आतली बाजू अशीच असते. तिच्यावर डोळ्यांना जेमतेम जाणवतील असे असंख्य बारीक अंकुर उभे असतात आणि पचलेलं अन्न या अंकुरांमधूनच रक्तात जातं. अंकुर उंच आणि धड असतील तर शोषण चांगलं होतं. ते झिजले, तुटले, बुटके झाले की टर्किश टॉवेलचा पंचा होतो. पक्षी तेवढंच खातो, पण त्यातलं बरंचसं विष्ठेवाटे निघून जातं.

अंकुर कशाने झिजतात? मराठवाड्यातले शेतकरी जिला रक्ती हगवण म्हणतात, तिचे आयमेरिया नावाचे एकपेशीय परजीवी आतड्याच्या अस्तरातच वाढतात आणि पेशी फोडून बाहेर येतात. रोग उघड दिसला नाही तरी त्यांची थोडी संख्या अंकुरांचं नुकसान करत राहते. ओल्या लिटरमध्ये, म्हणजे जमिनीवर पसरलेल्या तुसात, त्यांची अंडी पिकतात आणि पक्षी ती टोचून टोचून खातो. बोअरच्या किंवा टाकीच्या अस्वच्छ पाण्यातून ई. कोलाय येतो. क्लॉस्ट्रिडियम नावाचा जीवाणू आतड्यात एरवीही थोडाफार असतोच. अस्तराला इजा झाली की तो फोफावतो आणि भिंत कुजवतो.

आतड्याचं अस्तर दर काही दिवसांनी नव्याने तयार होत असतं. इजा जास्त झाली तर डागडुजी जास्त, आणि डागडुजीला प्रथिनं आणि ऊर्जा लागतात. शत्रू आत आला म्हणून रोगप्रतिकारक पेशी कामाला लागतात, त्यांनाही अन्न लागतं. दाह सुरू झाला की पक्ष्याची भूकही थोडी मंदावते. दुसऱ्या शेडच्या पक्ष्याने खाल्लेलं खाद्य असं गेलेलं असतं. काही शोषलंच गेलं नाही, आणि शोषलं गेलं त्यातलं काही छातीचं मांस होण्याऐवजी आतड्याच्या दुरुस्तीत खर्च झालं.

निरोगी पक्ष्याला प्रतिजैविक कसं लागलं

ही गळती थांबवण्याचा एक उपाय १९४८ ते १९५० या काळात अमेरिकेत अपघातानेच सापडला. लेडर्ली प्रयोगशाळेत बेंजामिन डग्गर यांनी ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक शोधलं होतं. तिथल्या संशोधनाची धुरा आपल्याकडच्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी वाहिली होती. त्याच प्रयोगशाळेतल्या स्टोकस्टॅड आणि ज्यूक्स यांनी हे औषध काढून उरलेला चोथा पिल्लांना खाऊ घातला, त्यातल्या बी-१२ जीवनसत्त्वासाठी. पिल्लं अपेक्षेपेक्षा खूपच जास्त वाढली. चोथ्यात शिल्लक राहिलेल्या औषधाच्या अंशाने ही किमया केली होती.

पुढे हेच औषध जंतूविरहित वातावरणात वाढवलेल्या पिल्लांना देऊन पाहिलं तेव्हा वाढीत फरक पडला नाही. मला या सगळ्या कथेतला हा प्रयोग सर्वांत बोलका वाटतो. औषध पक्ष्याची वाढ थेट करत नव्हतं. ते आतड्यातल्या जीवाणूंची गर्दी आणि त्यातून येणारा दाह कमी करत होतं आणि वाचलेलं अन्न वाढीला मिळत होतं.

मग जगभर कोंबडीखाद्यात रोज थोडं थोडं प्रतिजैविक मिसळलं जाऊ लागलं. मात्र थोड्या मात्रेने सगळे जीवाणू मरत नाहीत. जे तगतात, ते त्या औषधाला दाद न देणारे असतात, आणि तो गुण ते दुसऱ्या जीवाणूंना देऊही शकतात. शेडमध्ये तयार झालेले असे जीवाणू मांस, खत, पाणी आणि माणसांच्या हातांवाटे बाहेर पडतात. स्वीडनने १९८६ मध्ये वाढीसाठी प्रतिजैविकं देण्यावर बंदी घातली. युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून असा वापर पूर्ण बंद केला. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने २०१४ मध्ये दिल्ली परिसरातले कोंबडीच्या मांसाचे ७० नमुने तपासले, तेव्हा ४० टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश मिळाले. कोलिस्टिन हे माणसांसाठी अगदी शेवटी राखून ठेवलेलं औषध. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये कोंबड्यांसह अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या सर्व जनावरांत त्याच्या वापरावर बंदी घातली.

लातूरच्या दवाखान्यात न्यूमोनिया झालेल्या एखाद्या लेकरावर औषध चालतं की नाही, याच्याशी शेडमधल्या खाद्याचा असा संबंध आहे. म्हणून वनस्पतिजन्य पूरकांचा प्रश्न गांभीर्याने घ्यायला हवा.

मसाल्याच्या डब्यातलं रसायन

झाडाला पळता येत नाही. बुरशी, जीवाणू आणि किडे यांच्यापासून बचाव करण्यासाठी ते आपल्या बियांत, मुळांत, पानांत तिखट, कडू, उग्र वासाची द्रव्यं साठवतं. तीच द्रव्यं आपण मसाला म्हणून आणि औषध म्हणून वापरतो.

ओवा हातावर चोळल्यावर वास येतो तो थायमॉलचा. ओव्याच्या दाण्यात साधारण २ ते ४ टक्के तेल असतं आणि त्या तेलाचा तिसरा हिस्सा ते निम्मा भाग थायमॉल असतो. जीवाणूभोवती एक पातळ स्निग्ध पापुद्रा असतो. थायमॉल स्निग्ध पदार्थात विरघळतं, म्हणून ते या पापुद्र्यात शिरतं आणि त्याला गळका करतं. आतले क्षार बाहेर झिरपतात आणि जीवाणू दुबळा होतो किंवा मरतो.

लसणाची गोष्ट वेगळी. अख्ख्या पाकळीला फारसा वास नसतो. ठेचली की वेगवेगळ्या कप्प्यांत असलेली दोन द्रव्यं एकत्र येतात आणि ॲलिसिन तयार होतं. जीवाणूंवर मारा करतं ते हे ॲलिसिन. पण ते टिकाऊ नाही. आज ठेचलेला लसूण चार दिवसांनी तसाच काम करेल असं समजणं चुकीचं. लसणाची पावडर तापवून वाळवलेली असेल तर ॲलिसिन तयार करणारं विकर आधीच मेलेलं असू शकतं.

मिरची, मिरी, आलं यांचा दुसराच एक उपयोग सांगितला जातो: पाचक रस आणि पित्त जास्त स्रवतं, त्यामुळे खाद्य चांगलं पचतं. मिरचीने कोंबडीचं तोंड पोळत नाही का? नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन माणसाच्या ज्या वेदनाग्राहकाला डिवचतं, तो पक्ष्यांत त्याला प्रतिसाद देत नाही. पोपट हिरवी मिरची मिटक्या मारत खातो, त्याचं कारण हेच.

हळदीचं कर्क्युमिन रक्तात फार कमी शोषलं जातं. पण आतड्यात जे राहतं ते तिथला दाह शमवायला उपयोगी पडू शकतं, आणि या सगळ्या चर्चेत आतडं हाच मुख्य मुद्दा आहे.

कलेजीवरचा घाला

मराठवाड्यात एक धोका विशेष आहे. खरिपाचा मका काढणीला येतो तेव्हा परतीचा पाऊस रेंगाळत असतो. दाण्यात १३-१४ टक्क्यांहून जास्त ओल राहिली आणि तो तसाच थप्पीला लागला की ॲस्परजिलस बुरशी वाढते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. या विषाची जगाला ओळख झाली १९६० मध्ये. इंग्लंडमध्ये एक लाखाच्या आसपास टर्की पक्षी एकाएकी मेले आणि शोध घेतल्यावर दोष ब्राझीलहून आलेल्या बुरशीच्या भुईमूग पेंडीत निघाला.

विष निकामी करणं हे यकृताचं, म्हणजे कलेजीचं काम. अफ्लाटॉक्सिनच्या बाबतीत घात असा होतो की, ते निकामी करू पाहताना यकृतातली विकरंच त्याचं जास्त जहाल रूप तयार करतात आणि यकृताच्या पेशी होरपळतात. कलेजी पिवळट, ठिसूळ होते. रोगप्रतिकारशक्ती खचते आणि दिलेल्या लसीही नीट लागू पडत नाहीत. हळदीतल्या कर्क्युमिनमुळे यकृतावरचा हा मारा सौम्य होतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. भुईआवळी, काळमेघ यांची ‘लिव्हर टॉनिकं’ याच आधारावर विकली जातात. मात्र टॉनिक विषाला खाद्यातून काढून टाकत नाही. बुरशीचा मका खाऊ घालत राहून वर बाटली देत बसण्यापेक्षा मका वाळवून वापरणं जास्त परिणामकारक, आणि ते जमत नसेल तर विषाला आतड्यातच धरून ठेवणारी बेंटोनाइटसारखी माती खाद्यात मिसळणं.

चाळिशीच्या पुढचा पारा

औशात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नाहीत. ती चोच उघडून धापा टाकते आणि तोंडातून वाफ सोडून अंग थंड ठेवते. त्वचेकडे जास्त रक्त पाठवते, म्हणजे आतड्याकडे कमी. रक्त कमी पडलेल्या आतड्याची भिंत सैल होते आणि आतले जीवाणूंचे विषारी अंश रक्तात झिरपतात. उन्हाळ्यात पक्ष्याचं वजन खुंटतं ते केवळ कमी खाल्ल्याने असं नाही, त्यात या झिरपण्याचाही वाटा आहे.

कोंबडी एरवी आपलं क जीवनसत्त्व मूत्रपिंडात स्वतः तयार करते. कडक उन्हात ते पुरत नाही. आवळ्याची पूड किंवा थेट क जीवनसत्त्व देण्यामागे हा विचार आहे आणि तो पटण्यासारखा आहे. पण भर दुपारी खाद्य बंद ठेवणं, पत्र्यावर तुराट्या किंवा पाचट टाकून पाणी शिंपडणं, प्यायला गार पाणी देणं यांच्याआधी आवळा येत नाही.

मुठीने घातलेला ओवा आणि पाण्यातली हळद

एवढं सगळं असून काही शेतकऱ्यांना फरक दिसतो आणि काहींना अजिबात दिसत नाही. याची कारणं आहेत.

पहिलं मात्रेचं. एक टन खाद्यात १०० ग्रॅम थायमॉल जावं असं धरा. एक किलो ओव्यात साधारण १२ ग्रॅम थायमॉल असतं. म्हणजे ५० किलोच्या पोत्यामागे जवळपास ४०० ग्रॅम ओवा लागेल. मूठभर टाकून वास येतो, परिणाम येत नाही. उलट मेथी, कडुनिंब यांसारखी कडू द्रव्यं जास्त झाली तर पक्षी खाणंच कमी करतो.

दुसरं टिकण्याचं. सुगंधी तेलं उडून जातात. उघड्या पोत्यात महिनाभर पडलेली भुकटी आणि नुकती दळलेली भुकटी सारखी नसते. गोळी खाद्य तयार करताना वाफेची उष्णता लागते तेव्हाही तेल उडतं. शिवाय उघडं तेल लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातच शोषलं जातं आणि जिथे जीवाणूंची गर्दी असते त्या खालच्या भागापर्यंत पोचतच नाही. म्हणून चांगली तयार पूरकं तेलाचे कण मेणासारख्या आवरणात बंद करून देतात. डब्यावर सक्रिय द्रव्याचं प्रमाण छापलेलं आहे का, हे पाहायला हवं. नुसती बारा वनस्पतींची नावं छापलेली असतील तर त्यातून काहीच कळत नाही.

तिसरं कारण करार पद्धतीचं. कंपनी पिल्लं आणि तयार खाद्य देते, शेतकऱ्याला खाद्यात काही मिसळता येत नाही. मग तो पाण्यातून देतो. हळद पाण्यात विरघळत नाही, टाकीच्या तळाशी बसते. लसणाच्या रसाचा चोथा निपलमध्ये अडकतो. गुळाच्या पाण्याने पाइपच्या आत चिकट थर धरतो आणि त्या थरात नेमके तेच जीवाणू वाढतात, ज्यांच्यासाठी हा खटाटोप चालला होता. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या या जिल्ह्यात टँकरचं आणि खोल बोअरचं पाणी शेडला वापरलं जातं. ते आधी निर्जंतुक करणं आणि प्रत्येक बॅचनंतर पाइप धुणं याला पर्याय नाही. लासोटासारखी जिवंत लस पाण्यातून द्यायची असेल त्या दिवशी पाण्यात क्लोरीनही नको आणि कुठलंही पूरकही नको.

चौथं कारण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. प्रयोगासाठीची शेड स्वच्छ असते, पक्ष्यांची गर्दी नसते, आतड्याला इजाच नसते. तिथे पूरक देऊन फरक दिसत नाही, कारण सुधारायला काही उरलेलंच नसतं. फरक दिसतो तो मध्यम अवस्थेतल्या शेडमध्ये. अगदी घाण शेडमध्ये पुन्हा काही दिसत नाही, कारण तिथली इजा ओव्याच्या आवाक्याबाहेर गेलेली असते.

चौकट: काय होईल, काय होणार नाही

*होऊ शकतं:* आतड्यातल्या उपद्रवी जीवाणूंना थोडा आळा, दाह कमी, पचनात थोडी सुधारणा, उन्हाचा आणि बुरशीच्या विषाचा ताण काहीसा सौम्य.

*होणार नाही:* मानमोडी (राणीखेत) आणि गंबोरो यांपासून संरक्षण. त्यासाठी लसच हवी. जानेवारी २०२५ मध्ये उदगीर शहरात कावळे मरून पडले आणि भोपाळच्या प्रयोगशाळेने बर्ड फ्लूचं निदान केलं. त्या विषाणूवर कोणताही काढा चालत नाही. अचानक मरतूक दिसली तर पक्षी न हाताळता पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवायचं.

*एरवीच्या मरतुकीत:* ताजा मेलेला पक्षी शवविच्छेदनासाठी पशुवैद्यकाकडे न्यावा. याच जिल्ह्यात उदगीरला पशुवैद्यक महाविद्यालय आहे. आतडं आणि कलेजी प्रत्यक्ष पाहिल्यावर जे कळतं, ते बाटलीवरच्या मजकुरातून कळणार नाही.

आपल्याच शेडमध्ये पारख

एका बॅचला पूरक दिलं, वजन चांगलं आलं, म्हणून पूरक चांगलं, असा निष्कर्ष काढता येत नाही. मागची बॅच मे महिन्यातली आणि ही नोव्हेंबरमधली असेल तर वजन हवामानानेच वाढलेलं असतं. तुलना एकाच बॅचमध्ये व्हायला हवी. शेडच्या मध्ये जाळी लावून दोन भाग करायचे, पिल्लं न निवडता दोन्हीकडे सारखी सोडायची, खाद्य वेगवेगळं मोजायचं आणि एकाच भागाला पूरक द्यायचं. पाण्याच्या लाइन वेगळ्या हव्यात.

वजन करताना घाई नको. सहाव्या आठवड्यात नर माद्यांपेक्षा बरेच जड असतात, त्यामुळे एका बाजूने जास्त नर हाती लागले तरी सरासरी फसवते. प्रत्येक भागातून पन्नास पक्षी तोलले तर ५०-६० ग्रॅमचा फरक नुसत्या योगायोगानेही येऊ शकतो. म्हणून जास्त पक्षी तोलायचे आणि शेवटी लिफ्टिंगच्या, म्हणजे पक्षी विक्रीला उचलण्याच्या वेळचं एकूण वजन दोन्ही भागांचं वेगळं लिहून ठेवायचं.

मग पैशांचा हिशेब. समजा, पूरक ४०० रुपये किलो आहे आणि एक टन खाद्याला अर्धा किलो लागतं. साडेतीन किलो खाणाऱ्या पक्ष्यामागे खर्च ७० पैसे. खाद्य ४० रुपये किलो धरलं तर हे ७० पैसे भरून निघायला साडेसतरा ग्रॅम खाद्य वाचायला हवं. २.१ किलोच्या पक्ष्यासाठी हा एफसीआरमधला एक शतांशाहूनही कमी फरक झाला. एफसीआर १.६५ वरून १.६२ वर आला तर पक्ष्यामागे अडीच रुपयांचं खाद्य वाचतं. म्हणजे पूरक फार मोठा चमत्कार दाखवत नसलं तरी परवडू शकतं, पण तो लहान फरक खरोखर पडला की नाही हे मोजल्याशिवाय कळत नाही. लागोपाठ दोन-तीन बॅचमध्ये दोन्ही भागांचे आकडे सारखेच आले, तर पूरकाचे ते पैसे कोरडं तूस, चुना आणि पाण्याच्या टाकीच्या सफाईकडे वळवावेत. करारावर पक्षी पाळणाऱ्यांनी हे आकडे वहीत लिहून कंपनीच्या सुपरवायझरपुढे ठेवावेत. खाद्यात काय मिसळायचं हे कंपनीत ठरतं, आणि एफसीआर सुधारला तर त्यातला वाटा वाढणावळीत, म्हणजे पक्षी वाढवण्याच्या मोबदल्यात, मागता येतो.